चालताना अडवणारी पोटरी

पायाच्या धमन्यांच्या आतील भिंतीवर मेदयुक्त थर साचून त्या अरुंद झाल्या, की बसलेल्या अवस्थेत स्नायूंची गरज कशीबशी भागते, परंतु चालू लागताच वाढलेली प्राणवायूची मागणी पुरी होत नाही आणि पोटरीत, क्वचित मांडीत वा नितंबात, पेटका आल्यासारखी वेदना उठते. काही मिनिटे नुसते उभे राहिले तरी ती ओसरते. फ्रेंच पशुवैद्य बूले यांनी १८३१ मध्ये हे लक्षण घोड्यात नोंदवले, तर फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८५८ मध्ये माणसातील रुग्णाचे वर्णन केले. कण्यातील नसा दबल्यानेही चालताना पाय दुखतात, मात्र तेथे उभे राहून भागत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते; वेदना नुसते उभे राहून ओसरते की बसावे लागते, हा साधा प्रश्न न विचारताच दुखणे वयावर ढकलले जाते.

निदानासाठी घोटा-दंड निर्देशांक, म्हणजे घोट्याजवळील वरच्या रक्तदाबाला दंडावरील वरच्या रक्तदाबाने भागून येणारी संख्या, काढतात. ती ०.९० किंवा त्याहून कमी असल्यास धमनीत अडथळा आहे असे मानतात. दीर्घकाळच्या मधुमेहात मात्र कॅल्शियम साचून धमन्या कडक होत असल्याने आकडा फसवा, कधी १.४० च्याही वर येतो आणि मग पायाच्या अंगठ्यातील दाब मोजावा लागतो.

तंबाखू सोडणे आणि वेदना येईपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालण्याचा देखरेखीखालील व्यायाम, आठवड्यातून तीनदा, किमान १२ आठवडे, हे उपचारांत अग्रक्रमाचे असून, विश्रांतीतही पाय दुखत असल्यास किंवा जखम भरत नसल्यास रक्तवाहिनी-शल्यविशारदांकडे तातडीने जाणे आवश्यक ठरते.