नाव ब्रह्मा, स्वभाव गरीब गाईचा

वजन साडेपाच किलोच्या घरात, पायांच्या बोटांपर्यंत पिसांची जणू विजार आणि डोळ्यांवर पुढे आलेली जाड भुवई. ब्रह्मा जातीचा कोंबडा पहिल्यांदा पाहणारा दोन पावले मागेच सरकतो. पण घाबरण्याचे कारण नाही. इतकी शांत कोंबडी क्वचितच सापडेल.

नदीचे नाव कोंबडीला

नावावरून ही कोंबडी आपल्याकडची वाटते, पण ही जात घडली अमेरिकेत. १८४०च्या दशकात चीनच्या शांघाय बंदरातून तिथे धिप्पाड कोंबड्या पोहोचल्या. त्यांच्यात चितगावच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या कोंबड्यांचे रक्त मिसळले असावे, असे जाणकार मानतात. ब्रह्माचे रुंद डोके आणि बसका तुरा याकडे ते बोट दाखवतात. सुरुवातीला या पक्ष्यांना अनेक नावे होती. त्यांतले ‘ब्रह्मपुत्रा’ टिकले आणि पुढे त्याचे ‘ब्रह्मा’ झाले.

त्या काळी अमेरिका आणि इंग्लंडमध्ये कोंबड्या पाळण्याचे वेडच लागले होते. १८५२ साली जॉर्ज बर्नहॅम या अमेरिकन व्यापाऱ्याने असे ९ पक्षी राणी व्हिक्टोरियाला भेट पाठवले. राजवाड्यात मान मिळताच त्यांच्या किमती कित्येक पटींनी वाढल्या. गंमत म्हणजे याच बर्नहॅमने १८५५ साली या कोंबडीवेडाची टिंगल करणारे पुस्तकही लिहिले!

थंडीतही अंडी

ब्रह्मा फारशी उडत नाही, त्यामुळे दोन-तीन फुटांचे कुंपणही तिला पुरते. माणसांची तिला लवकर सवय होते. दाट पिसे आणि बसका तुरा यांमुळे कडाक्याची थंडी तिला बाधत नाही. इतर कोंबड्या हिवाळ्यात अंडी देणे थांबवतात, तेव्हाही ही तपकिरी अंडी देत राहते. खुडूक झाली की अंडीही मन लावून उबवते. मात्र जड शरीरामुळे नवजात पिल्ले पायाखाली येण्याची भीती असते, म्हणून पहिले काही दिवस लक्ष ठेवावे लागते. कडक ऊन तिला सोसत नाही आणि चिखलात पायांची पिसे खराब होतात, म्हणून तिला सावली व कोरडे खुराडे हवे.

मागे का पडली?

१८५०च्या दशकापासून साधारण १९३०पर्यंत अमेरिकेत मांसासाठी मुख्यतः हीच जात पाळली जाई. पुढे ब्रॉयलर आले. ते जेमतेम सहा आठवड्यांत विक्रीला तयार होतात, ब्रह्माला मात्र पूर्ण वाढायला कित्येक महिने लागतात. तेवढे दिवस दाणा घालणे व्यापाराला परवडेना आणि ती हौशी लोकांच्या अंगणापुरती उरली.

पण झटपट वाढणे हाच काही एकमेव गुण नव्हे. थंडी सोसणे, स्वतः अंडी उबवणे, माणसांत मिसळणे हे गुण पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून मुरलेले असतात. एखादी जात नाहीशी झाली की ते पुन्हा मिळवणे फार अवघड. म्हणूनच अंगणात चार ब्रह्मा सांभाळणारा माणूस नकळत एक जुना ठेवाच जपत असतो.