पाटी वाचून गिऱ्हाईकाच्या डोक्यात काय होतं?

मागच्या व्हिडिओत माझ्या पहिल्या पाटीची गोष्ट अर्धवट राहिली होती. पाटीवर लिहिलं होतं 'लाइफस्टाइल सोल्युशन्स'. आत काय? स्टीलची भांडी, कुकर, मिक्सर! मनमाड स्टेशनकडून येणारा माणूस पाटी वाचायचा, आत डोकवायचा आणि विचारायचा, "दादा, इथे काय मिळतं?" मला वाटलं, लोकांचं लक्ष नाही. अक्षरं मोठी करून घेतली. खर्च वाढला, प्रश्न तोच.

माझी चूक मला कळली ती एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचताना. 1980 साली सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मार्ता कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून एकेक शब्द दाखवत वाक्यं वाचायला दिली. (ईईजी हो, फिट येणाऱ्या पेशंटचा काढतात तोच.) एका वाक्यात माणूस गरम ब्रेडला चक्क मोजे लावतो. 'मोजे' हा शब्द दिसला की साधारण 400 मिलिसेकंदांनी, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आतच, मेंदूच्या विजेचा आलेख ऋण बाजूला झुकायचा. म्हणून त्या लहरीचं नाव एन-400. शब्द अपेक्षित असेल तर ही लहर छोटी, अर्थ जुळवायला जड गेला तर मोठी.

आता खरी गंमत. काही वाक्यांत शेवटचा शब्द बरोबरच होता, फक्त अक्षर मोठं. तिथे एन-400 आलीच नाही, वेगळीच, उशिराची धन लहर आली. म्हणजे मोठं अक्षर मेंदूला जाणवतं, पण अर्थाच्या खात्यात जमा होत नाही. मी नेमका तिथेच पैसा घातला होता!

दुसरा प्रयोग आपल्या रेल्वेच्या गावाला आवडेल. 2004 साली पीटर हागोर्ट आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये वाक्यं दिली: डच गाड्या पिवळ्या असतात, पांढऱ्या असतात, आंबट असतात. तिथल्या गाड्या पिवळ्या, हे तिथे सगळ्यांना माहीत. 'आंबट' तर निरर्थकच. पण 'पांढऱ्या' या नुसत्या खोट्या शब्दालाही तेवढ्याच वेळात तशीच लहर आली. वर्षानुवर्षं टँकरची वाट पाहिलेल्या मनमाडकराला फ्लॅटच्या जाहिरातीत 'नळाला 24 तास पाणी' वाचायला द्या, मग काय होईल ते तुम्हीच सांगा.

पण एक सांगतो. ही लहर 'गिऱ्हाईक घेणार की नाही' हे सांगत नाही. ती इतकी बारीक असते की अनेक वाचनांची सरासरी काढावी लागते. त्यामुळे कोणी 'ब्रेन-टेस्टेड जाहिरात' विकायला आला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

तुमची मशीन म्हणजे एक कोरा कागद. त्यावर पाटीचा मजकूर लिहा, तुमचं दुकान न पाहिलेल्या माणसाला क्षणभर दाखवा, कागद उलटा करा आणि विचारा, "इथे काय मिळेल?" मी पाच जणांना विचारलं, पाचही जण चुकले. एकाला तर जिम वाटली.

आता पाटीवर आहे: 'भांडी, कुकर, मिक्सर. विक्री आणि दुरुस्ती'. दुकानाचं नाव खाली, बारीक. परवा एक बाई रिक्षातून उतरल्या आणि थेट म्हणाल्या, "पाच लिटरच्या कुकरची रिंग द्या."