दहा वेळा एक दशांश
गेममधला सरकता दरवाजा दर फ्रेमला ०.१ मीटर पुढे जातो आणि १ मीटरवर थांबायला हवा. कोडमध्ये अट घातलेली असते: अंतर बरोबर १ झाले की थांब. पण ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक साठवण्याच्या नेहमीच्या प्रकारात, दहाव्या फ्रेमला बेरीज येते १.००००००१. अट जुळत नाही आणि दरवाजा भिंतीतून आरपार निघून जातो.

संगणकाला बेरीज येत नाही असे नव्हे, ०.१ हा आकडाच त्याच्याकडे नेमका नसतो. कागदावर १ ला ३ ने भागले की ०.३३३ पुढे संपतच नाही. द्विमान पद्धतीत १ ला १० ने भागले की तीच गत होते. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाप्रमाणे ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये एक बिट चिन्हाला, आठ घातांकाला आणि २३ अपूर्णांकाला मिळतात. त्यात मावत नाही ते गोल करावे लागते, आणि प्रत्येक बेरजेनंतर पुन्हा गोल करावे लागते. ०.२५ किंवा ०.५ मात्र तंतोतंत साठतात. म्हणूनच ०.२५ च्या वेगाने चाचणी घेतली तर हा दोष दिसतच नाही, आणि तो फसवा ठरतो तो इथेच.

दरवाजासाठी उत्तर सोपे आहे: अंतर १ किंवा त्याहून जास्त झाले की थांबवायचे आणि जागा १ वर नेऊन ठेवायची. दोन आकडे जवळपास सारखे आहेत का एवढेच पाहायचे असेल, तर त्यांच्यातला फरक इप्सिलॉन नावाच्या छोट्या मर्यादेपेक्षा कमी आहे का, हे तपासतात. पण ती मर्यादा किती ठेवायची? १ च्या पुढचा फ्लोट जेमतेम ०.००००००१२ ने मोठा असतो. १,००,००० मीटरवर हेच अंतर जवळपास ८ मिलिमीटर होते. तिथे ०.००००१ चा इप्सिलॉन असून नसल्यासारखाच. म्हणून मर्यादा आकड्यांच्या आकारमानाप्रमाणे वाढवावी लागते, आणि शून्याजवळ पुन्हा ठरावीक मर्यादेकडे यावे लागते.

‘केर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या अंतराळयानांच्या गेमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत याच कारणाने दूर गेलेली याने थरथरून मोडून पडत. खेळाडूंनी या संकटाला ‘क्राकेन’ म्हटले. यानालाच केंद्र मानून भोवतीचे विश्व सरकवायचे, हा त्यावर काढलेला तोडगा.

वेळेचेही तसेच. फ्लोटमध्ये सेकंद साठवत गेले, तर सुमारे ३६ तासांनी दोन शेजारच्या आकड्यांतले अंतर ०.०१५६ सेकंद होते, म्हणजे जवळजवळ एका फ्रेमइतके. फ्रेम पूर्णांकात मोजल्या आणि सेकंद लागतील तेव्हाच काढले, तर ही चूक साचत नाही.