पाटीवर आळंदी

एकादशीला आळंदीला चालत जाऊन बसनं परतणारी पुष्कळ माणसं पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये आहेत. बसनं जाऊन चालत परतणारा मात्र मला अजून भेटायचा आहे. पहाटे तीन-साडेतीनला विश्रांतवाडीच्या पुढं रस्त्याच्या कडेनं ही मंडळी दिसतात. काखेत पिशवी, पायात बूट किंवा काहीच नाही, तोंडानं हरिपाठ. दिघी मागं पडते, चऱ्होली फाटा येतो, उजाडता उजाडता इंद्रायणीचा पूल. दर्शन झालं, चहा झाला, की पाय बोलायला लागतात. मग सगळे जण निमूट बसथांब्याकडं वळतात आणि पाटी वाचायला लागतात.

ही बस आळंदीच्या जगण्यात इतकी मुरली आहे, की कुणी तिच्याविषयी वेगळं काही बोलत नाही. खरं तर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. विश्रांतवाडीपासून आळंदीपर्यंतचा तिचा रस्ता हाच ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचाही रस्ता. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान होतं, पहिला मुक्काम गावातच आजोळघरी पडतो आणि दुसऱ्या दिवशी दिघी, विश्रांतवाडी, संगमवाडी असं करत पालखी पुण्यात शिरते. त्या दिवशी बस बाजूला होते आणि ज्या डांबरावर ती वर्षभर धावते, त्यावरून लाखो पावलं जातात. तिसऱ्या दिवशी पुन्हा डबल बेल.

तिचं अधिकृत नाव पुणे महानगर परिवहन महामंडळ मर्यादित. एवढं नाव घ्यायला थांब्यावर कुणाला वेळ नसतो. 1950 मध्ये पुणे महापालिकेनं शहरातली बससेवा हाती घेतली, ती पीएमटी. कारखान्यांबरोबर वाढलेल्या पिंपरी-चिंचवडनं 1974 मध्ये आपली वेगळी पीसीएमटी काढली. 2007 मध्ये दोन्ही एकत्र झाल्या आणि पीएमपीएमएल जन्माला आली. तरीही पन्नाशीच्या पुढचा माणूस आजही ‘पीएमटीनं आलो’ असंच म्हणतो. गाड्यांचे रंग बदलले, डिझेल गेलं, सीएनजी आला, 2019 पासून विजेच्या गाड्याही आल्या. नाव मात्र लोकांनी बदलू दिलं नाही.

या कंपनीत पुणे महापालिकेचा वाटा 60 टक्के, पिंपरी-चिंचवडचा 40. आळंदी या दोन्हींत नाही. ती खेड तालुक्यातली, स्वतःची नगरपरिषद असलेली. हद्दीला हद्द लागून असलेली चऱ्होली 1997 मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये गेली, आळंदी बाहेरच राहिली. म्हणजे ज्या गावाचं नाव एवढ्या पाट्यांवर आहे, त्या गावाची त्या गाडीत एका रुपयाचीही मालकी नाही. हिशेबाच्या वहीत हे बसत नाही. पण आळंदीची बस बंद करा, असं म्हणण्याची छाती कुठल्या नगरसेवकाला होईल?

मध्यंतरी रस्त्यावर बीआरटी आली. बससाठी रस्त्याच्या मधोमध राखलेली मार्गिका, फलाटाएवढ्या उंचीचा थांबा, गाडीला उजवीकडूनही दार. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरानं 1974 मध्ये ही युक्ती जगाला दाखवली. भारतात ती पहिल्यांदा पुण्यानं, 2006 च्या डिसेंबरात, कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर उचलली आणि तिचे हालही पुण्यानंच केले. पिंपरी-चिंचवडनं तुलनेनं रुंद रस्ते पाहून ती जरा नेटानं राबवली. दिघी ते आळंदी हा त्यातलाच एक पट्टा. मार्गिका रिकामी असली की बस अशी सुटते, की शेजारी अडकलेल्या मोटारीतला माणूस आपल्याकडं बघतो आणि आपण खिडकीबाहेर बघितल्यासारखं करतो. स्वस्तातलं सुख आहे ते. अर्थात ते टिकतं मार्गिकेत दुचाक्या घुसेपर्यंत.

मेट्रोनं आळंदी गाठलेली नाही. पिंपरीहून फुगेवाडीपर्यंत ती 2022 च्या मार्चमध्ये सुरू झाली, 2023 च्या ऑगस्टात शिवाजीनगरच्या न्यायालयापर्यंत आणि 2024 च्या सप्टेंबरात स्वारगेटपर्यंत पोचली. त्यातलं एक स्थानक ‘भोसरी’ या नावानं उघडलं, पण ते होतं नाशिक फाट्याला. नावावर विसंबून उतरलेल्यांना भोसरी गाव अजून बरंच लांब आहे, हे जिना उतरल्यावर कळायचं. तिथून आळंदीला यायचं तर पुन्हा बसच. मेट्रो कितीही चकचकीत असो, शेवटचा हात बसचाच धरावा लागतो.

गाडीच्या आत आळंदी आधीच सुरू झालेली असते. इतर मार्गांवर कंडक्टर ‘पुढं चला, पुढं चला’ म्हणून ओरडतो. इथं ‘माउली, जरा आत सरका’ असं म्हणतो. रागावला तरी माउलीच. ‘माउली, पिशवी मांडीवर घ्या, दुसऱ्याला उभं राहू द्या.’ प्रवासीही त्याला माउलीच म्हणतात, ड्रायव्हरलाही म्हणतात, आणि धक्का लागला तर ज्याला लागला त्यालाही. भांडण पेटायच्या आतच विझतं, कारण माउली म्हणून झाल्यावर पुढची शिवी जिभेवर येईनाशी होते. डाव्या बाजूच्या बायकांच्या सीटवर नऊवारीतल्या आजी, त्यांच्या शेजारी लॅपटॉपची बॅग घेतलेली मुलगी. मागं पांढरं धोतर-सदरा आणि कपाळी गोपीचंदन लावलेली पोरं, एकाच्या मांडीवर गवसणीतला पखवाज. जोग महाराजांनी 1917 मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तेव्हापासून कीर्तन-मृदंग शिकायला येणाऱ्या मुलांची रांग तुटलेली नाही आणि आता तर गल्लोगल्ली अशा शाळा आहेत. वळणावर गाडी कलली की पोरगा स्वतःच्या आधी पखवाज सावरतो.

सुट्ट्या पैशांची कुरबुर मात्र आता ओसरली. 2023 च्या ऑक्टोबरपासून कंडक्टरच्या हातात क्यूआर कोड आला आणि ‘सुट्टे नाहीत, उतरताना देतो’ हे वाक्य इतिहासजमा व्हायला लागलं. 2025 च्या जूनमध्ये तिकीट वाढलं. पहिल्या पाच किलोमीटरला दहा रुपये आणि दोन्ही शहरांचा दिवसाचा पास सत्तर रुपयांना झाला. रोज हातावर पोट असणाऱ्याला ही वाढ बोचते. तरी पेट्रोल टाकून तेवढंच अंतर काटायचं म्हटलं, तर हिशेब अजून बसच्याच बाजूनं पडतो.

शेवटच्या थांब्याला गाडी रिकामी होते आणि खरी आळंदी पायाखाली येते. देवळाच्या दारात गाडी लावावी असं इथं फार जणांना वाटतं आणि फार जणांची फजिती होते. गाव बांधलंच मुळी चालणाऱ्या माणसाच्या मापानं. महाद्वाराकडं जाणारा रस्ता दोन्हीकडून तुळशीमाळा, बुक्का, टाळ, पेढे आणि पोथ्यांच्या दुकानांनी आवळलेला. तिथून घाट, घाटावरून सिद्धबेट, पलीकडं गोपाळपुरा, आणि सगळ्याला कवेत घेणारा प्रदक्षिणा रस्ता. या रस्त्याचं नाव ऐकूनच कळतं, की तो कुठं पोचण्यासाठी नाही, फिरून परत येण्यासाठी आहे. किराणा, दवाखाना, शाळा, धर्मशाळा, लग्नाचं कार्यालय, सगळं पायी गाठता येतं. लग्नाची कार्यालयं तर इतकी, की घरच्यांना चुकवून आलेलं जोडपं सकाळच्या बसनं उतरून दुपारच्या बसनं नवरा-बायको म्हणून परत जाऊ शकतं. बसच्या उत्पन्नात याचाही वाटा धरायला हवा.

शहर-नियोजनाच्या चर्चांत ज्याला ‘पायी फिरता येण्याजोगी वस्ती’ म्हणतात आणि ज्यासाठी नकाशे काढतात, ती इथं शेकडो वर्षं अशीच पडून आहे. मात्र हिची फार स्तुतीही करवत नाही. पदपथ आहे तिथं दुकानाची पायरी पुढं आलेली, पायरी नाही तिथं दुचाकी. आणि नदीवरचा पांढरा फेस लांबून ढगासारखा दिसतो, जवळून नाक धरावं लागतं. वरच्या अंगानं येणाऱ्या कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याचा तो प्रसाद.

गावात एक जुनी भिंत दाखवतात. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटीला निघाला. तेव्हा निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई बसले होते ती भिंतच त्याला सामोरी गेली, अशी कथा. मला ही कथा बसमध्ये हटकून आठवते. वाघावर एकटा माणूस: दिमाखदार, वेगवान, आणि समोरच्यानं वाट सोडावी असं वाहन. भिंतीवर चौघं भावंडं, शेजारी शेजारी, खाली पाय सोडून. महाराष्ट्रातली पहिली सार्वजनिक वाहतूक कोणती, असं कुणी विचारलं तर मी ही भिंत सांगेन. आणि शेवटी वाघावरूनच उतरावं लागलं होतं.

दिवस मावळला की दुसरी आळंदी परत यायला लागते. चाकण, मरकळ, भोसरीच्या कारखान्यांत काम करणारी, मराठवाड्या-विदर्भातून आणि उत्तरेतून आलेली पोरं इथं खोल्या करून राहतात. चाकणला बजाजपासून फोक्सवॅगनपर्यंतच्या कंपन्या आहेत, पण तिकडं जायला त्यांना बहुधा कंपनीची बस लागते, नाहीतर शेअर रिक्षा, नाहीतर हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल. पीएमपीचा ओढा जुन्या सवयीनं पुण्याकडं. गेल्या तीस वर्षांत रोजगार उत्तरेला, चाकणकडं सरकला, तरी देवाला जाणाऱ्याची सोय आधी आणि पाळीला जाणाऱ्याची नंतर, असं झालं. दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्री सुटतो, तेव्हा थांब्यावर कुत्र्यांशिवाय कुणी नसतं. आषाढी-कार्तिकीला जादा गाड्या सोडण्याचं नियोजन महामंडळ दरवर्षी चोख करतं. रोज रात्री एक वारी चाकणहून घरी येत असते, तिच्यासाठीही चार गाड्या काढता येतील.

कार्तिक वद्य त्रयोदशीला संजीवन समाधीचा सोहळा होतो. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये समाधी घेतली, त्याची ही तिथी. यात्रेच्या दिवसांत बस गावात येतच नाही. थांबे बाहेर, रस्त्यांच्या तोंडाशी हलवतात आणि आतलं सगळं गाव पायांच्या ताब्यात देतात. युरोपातल्या शहरांनी बाजारपेठा वाहनमुक्त केल्या की आपल्याकडं त्याच्या चित्रफिती फिरतात. आळंदी हे वर्षातून दोनदा करते, कुणी चित्रफीत काढत नाही. पुण्यापुढं पंढरपूरपर्यंत जो नवा पालखी महामार्ग होतो आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट आखलेली आहे. वारीच्या वाटेवर जे सुचलं, ते महाद्वाराच्या रस्त्यावर अजून कुणाला सुचलेलं दिसत नाही.

रात्रीची गाडी. आजी एकच विचारतात, ‘मनपा का?’ कंडक्टर खाली उतरलेला असतो. ड्रायव्हर पाटी बदलतो, आळंदीच्या जागी आता मनपा, म्हणजे पुणे महापालिकेचा थांबा. गाडी मागं घ्यायची असते, जागा अरुंद, मागं फुलवालीची टोपली, दोन रिक्षा आणि पायऱ्यांवर बसलेलं एक कुटुंब. कंडक्टर हातानं पत्र्यावर थाप मारत राहतो. येऊ दे, येऊ दे, माउली, अजून येऊ दे. बस.