नाण्याचे मोल

देव्हाऱ्यातील लहानशा डबीत, आजीच्या बटव्यात किंवा फडताळाच्या कोपऱ्यात एखादे जुने नाणे पडलेले असते. दिवाळीपूर्वीची साफसफाई निघाली म्हणजे ते मुलांच्या हाती लागते. काळवंडलेले ते नाणे लखलखीत करावे, असे मुलांना वाटते. मग चिंच येते, राख येते आणि घटकाभर घासल्यावर नाणे नव्यासारखे चमकू लागते. तेच नाणे एखाद्या जाणत्या संग्राहकाला दाखविले, तर तो मात्र हळहळतो. मुलांच्या मते नाण्याची शोभा वाढलेली असते. त्याच्या मते नाण्याचे मोल घटलेले असते. असे का व्हावे? नाण्याचे मोल नेमके कशात असते आणि ते ठरविले तरी कसे जाते?

नाणे जितके जुने तितके ते महाग, असा सर्वसाधारण समज आहे; परंतु तो खरा नव्हे. नाशिकजवळील जोगळटेंभी या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. त्यात १३,००० हून अधिक नाणी होती. ती होती सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या नहपान नावाच्या क्षत्रप राजाची. त्या एका सापडीने नहपानाची नाणी विपुल झाली. याउलट, अवघ्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे एखादे नाणे या प्राचीन नाण्यांहून कितीतरी अधिक किमतीचे ठरू शकते. तेव्हा मोल वयावर अवलंबून नसते. किती नाणी पाडली गेली, यापेक्षाही किती नाणी आज शिल्लक आहेत, हे संग्राहक प्रथम पाहतो.

याचे एक मनोरंजक उदाहरण म्हणजे १९११ सालचा चांदीचा रुपया. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज गादीवर आल्यानंतर त्याची मुद्रा असलेले हे हिंदुस्थानातील पहिले रुपये होत. राजाच्या अंगावरील झग्यावर हत्तीची एक इवलीशी आकृती कोरलेली होती. परंतु त्या हत्तीची सोंड इतकी आखूड उमटली, की तो हत्ती न दिसता डुकरासारखा दिसू लागला. डुक्कर हे मुसलमान समाजात निषिद्ध असल्याने असे नाणे हाती घेण्यास लोकांनी हरकत घेतली. त्या वर्षी सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते. त्यांपैकी सुमारे ७ लाखच लोकांच्या व्यवहारात आले होते. सरकारने उरलेले रुपये रोखून धरले आणि वितळवून टाकले. १९१२ पासूनच्या रुपयांवर ठसा सुधारून हत्तीची सोंड स्पष्ट करण्यात आली व ते रुपये कोट्यवधींच्या संख्येने पाडले गेले.

१९११ चा व १९१२ चा रुपया शेजारी शेजारी ठेवला, तर दोन्ही सारखेच दिसतात. चांदी तीच, वजन तेच, राजाही तोच. तराजूत घातले, तर दोन्ही एकेक तोळ्याचे भरतील. सोनाराच्या दुकानात दोघांचा भाव एकच येईल. संग्राहक मात्र पहिल्यासाठी दुसऱ्याच्या कितीतरी पट पैसे मोजतो. सोनार चांदीचे वजन करतो. संग्राहक त्या सोंडेची कथा विकत घेतो.

एकाच प्रकारच्या नाण्यांत ठशातील अशा बारीक फरकामुळे जे पोटप्रकार पडतात, त्यांना नाण्याचे उपप्रकार म्हणावे. ते ओळखण्यासाठी संग्राहकाजवळ एक भिंग आणि पुष्कळ धीर असावा लागतो. पाचव्या जॉर्जचा रुपया मुंबईच्या टांकसाळीत पाडलेला असेल, तर त्याच्या मागील बाजूस खालच्या कमळाजवळ एक बारीकसे टिंब आढळते. कलकत्त्याच्या रुपयावर ते नसते. आजच्या नाण्यांवरही अशा खुणा आहेत. वर्षाच्या आकड्याखाली हिऱ्याच्या आकाराची खूण असली, तर ते नाणे मुंबईचे; तारा असला, तर हैदराबादचे; टिंब असले, तर नोएडाचे; आणि कोणतीच खूण नसली, तर कोलकात्याचे होय. खिशातल्या साध्या नाण्यावरही हे पाहता येते. एखाद्या वर्षी एका टांकसाळीने पुष्कळ नाणी पाडावीत आणि दुसरीने थोडी, असे घडते. मग तेवढ्या एका खुणेवरून नाण्याचे मोल बदलते.

टांकसाळीत यंत्रे येण्यापूर्वी तर असे उपप्रकार फारच होत. शिवछत्रपतींची तांब्याची शिवराई याची साक्ष देते. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. शिवराया पुढे पेशवाईतही पाडल्या जात. त्यांचे ठसे कारागीर हाताने कोरीत. एक ठसा झिजला, की दुसरा कोरावा लागे आणि दोन ठसे कधीच तंतोतंत सारखे होत नसत. कोणी ‘शिव’ लिहिले, तर कोणी ‘सिव’. कोणी वेलांटी ऱ्हस्व काढली, तर कोणी दीर्घ. या फरकांवरून संग्राहक शिवरायांचे निरनिराळे गट पाडतात.

हाताने कोरलेल्या ठशांची हीच गोष्ट दूर अमेरिकेतही घडली होती. तेथील प्रारंभीच्या काळातील तांब्याच्या सेंट नाण्यांचेही शेकडो उपप्रकार झाले. विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थांनी त्यांचा अभ्यास करून १९४९ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि किंमत ठरविण्याची एक युक्ती त्यात मांडली. नाणे इतके झिजलेले आहे की ते जेमतेम ओळखता येते, अशा स्थितीला त्यांनी १ हा अंक दिला. आणि टांकसाळीतून नुकतेच बाहेर पडल्यासारख्या निर्दोष स्थितीला ७० हा अंक दिला. मग प्रत्येक उपप्रकाराची एक मूळ किंमत धरावी व तिला स्थितीच्या अंकाने गुणावे. मूळ किंमत २ डॉलर आणि स्थिती २० असेल, तर नाण्याची किंमत ४० डॉलर. दुर्मिळतेसाठीही त्यांनी १ पासून ८ पर्यंत पायऱ्या कल्पिल्या. ज्या उपप्रकाराची केवळ १ ते ३ नाणी ज्ञात आहेत, तो सर्वांत वरच्या आठव्या पायरीवर. पुढे बाजारातील किमती या गुणाकाराच्या हिशेबात राहिल्या नाहीत. परंतु नाण्याच्या स्थितीला १ ते ७० असे अंक देण्याची पद्धत आजही रूढ आहे.

स्थितीला एवढे महत्त्व का? नाणे हातोहात फिरते, तेव्हा त्याचे उंच भाग आधी झिजतात. राजाचा गाल, कान, मुकुटावरील नक्षी ही प्रथम पुसट होतात. व्यवहारात न आलेले नाणे आणि पुष्कळ फिरलेले नाणे यांतील भेद यावरूनच कळतो. चिंच आणि राख यांनी घासल्याने नेमके तेच होते. घासणारा हात मळाबरोबर धातूचा पातळ थरही खरवडून काढतो. कोरीव रेषा बोथट होतात आणि भिंगातून पाहिले असता असंख्य ओरखडे दिसतात. पन्नास वर्षांच्या व्यवहारात जी झीज झाली नाही, ती एका दुपारी होते, आणि ती कधीच भरून येत नाही.

दुर्मिळता आणि स्थिती यांच्या जोडीला तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे मागणी. दोन नाणी सारखीच दुर्मिळ असली, तरी एकाच्या शोधात हजार माणसे असतील आणि दुसऱ्याच्या शोधात दहाच असतील, तर त्यांचा भाव सारखा कसा राहील? यास्तव नाण्याची किंमत शेवटी लिलावात ठरते. पूर्वी झालेल्या लिलावांतील किमती पाहून सूचिकार आपल्या सूचीत अंदाज देतात. पण तो अंदाजच असतो. जोगळटेंभीसारखा एखादा नवा साठा उजेडात आला, तर कालचे दुर्मिळ नाणे आज सुलभ होऊन बसते.

जेथे एका खुणेला इतके मोल, तेथे लबाडी आलीच. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई पडल्यामुळे अमेरिकेने १९४३ साली जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी सेंट पाडले. पण चुकून थोडीशी नाणी नेहमीच्या तांब्याच्या मिश्रधातूची पाडली गेली. ती अतिशय दुर्मिळ होत. म्हणून काही लबाड लोक पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देतात, तर काही १९४८ च्या नाण्यावरील ८ कोरून त्याचा ३ करतात. पहिली लबाडी साध्या लोहचुंबकाने उघडी पडते, कारण पोलाद त्याला चिकटते. दुसरी ओळखण्यास भिंग लागते. म्हणून जाणता संग्राहक नाण्याचे वजन करतो, कडा तपासतो, अक्षरांची ठेवण अस्सल नाण्याशी ताडून पाहतो आणि मगच खिशात हात घालतो.

फसवणुकीचा आणखी एक प्रकार अलीकडे फार वाढला आहे. ‘तुमच्या जवळच्या साध्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील, आधी थोडे शुल्क भरा’, असे आमिष इंटरनेटवर दाखविले जाते. यात रिझर्व्ह बँकेचे नावही वापरले जाऊ लागले, तेव्हा जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला काहीही संबंध नाही आणि आपण असे शुल्क घेत नाही, असा इशारा बँकेने २०२१ साली जनतेला दिला. जे नाणे कोट्यवधींनी पाडले गेले आणि घरोघरी सापडते, त्याला कोणी लाखो रुपये का देईल? इतका एक प्रश्न मनाशी विचारला, तरी माणूस फसत नाही.

परंतु नाण्याचे सर्वांत मोठे मोल पैशांत मोजता येत नाही. जोगळटेंभीच्या त्या साठ्याकडे पुन्हा पाहावे. त्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुद्रेवरच दुसरा ठसा उमटविलेला आढळला. तो होता सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचा. गौतमीपुत्राने क्षहरात कुळाचा, म्हणजे नहपानाच्या वंशाचा उच्छेद केला, असे नाशिकच्या पांडवलेण्यांतील एका शिलालेखात म्हटले आहे. त्या शब्दांना या नाण्यांनी भक्कम पुरावा दिला. जिंकणाऱ्या राजाने हरलेल्या राजाची नाणी आपल्या ठशाने पुन्हा चलनात आणली होती! हा साठा सापडला त्या दिवशीच कोणी चांदीच्या लोभाने आटवून टाकला असता, तर चांदीचा एक गोळा तेवढा उरला असता आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक पान कायमचे पुसले गेले असते.

म्हणूनच जमिनीत सापडलेला असा ठेवा लपवून न ठेवता जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा, असा १८७८ सालचा कायदा आहे. आणि म्हणूनच देव्हाऱ्यातील डबीत सापडलेले नाणे घासू नये. ते कडेने हलकेच धरावे, मऊ कागदात गुंडाळावे, त्यावरील अक्षरे व आकडे वहीत टिपून घ्यावेत आणि ते घरात कोणी, कोठून आणले, हे वडीलधाऱ्यांना विचारून ठेवावे. बाजारात त्याची किंमत कदाचित चार आणेही येणार नाही. पण त्यावरील काळसर छटेखाली कोणाचा तरी काळ जपलेला असतो, आणि तो घासून काढल्यावर कोणत्याही टांकसाळीत पुन्हा पाडता येत नाही.