गिअर ऑइल घरी बदलायचे, तर आधी कोणती अवजारे जमवावीत?

इंजिन ऑइल वेळेवर बदलण्याची सवय शहरातील बहुतेक मोटारधारकांना आता लागली आहे. गिअरबॉक्समधील तेलाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी पहिला गिअर जड जाऊ लागला किंवा दुसऱ्यात टाकताना खरखर ऐकू आली, की मग त्याची आठवण होते. हाताने बदलायच्या, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये दातेरी चक्रे, बेअरिंग आणि गिअर जुळवून घेणाऱ्या पितळी कड्या याच तेलात फिरत असतात. तेथे इंजिनासारखी काजळी होत नाही, त्यामुळे हे तेल बराच काळ टिकते. पण ते अमर नसते. चक्रांच्या घर्षणातून सुटणारी धातूची बारीक पूड त्यात साचत जाते आणि तेलात मिसळलेली रसायने हळूहळू निकामी होतात. अनेक मोटारींच्या माहितीपुस्तिकांत 40 हजार ते 80 हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदलण्याची सूचना असते.

हे काम तसे सरळ आहे. एक बूच उघडून जुने तेल सोडायचे, ते पुन्हा घट्ट बसवायचे आणि दुसऱ्या बुचातून नवे तेल भरायचे. ऑइल फिल्टर नाही की अवघड जोडणी नाही. तरीही घरी हे काम करणाऱ्यांची फजिती होते, ती बहुधा अवजारांमुळे. आवेशाने खालचे बूच उघडले, तेल वाहून गेले आणि नंतर लक्षात आले, की वरचे बूच उघडण्याजोगा पानाच आपल्याजवळ नाही किंवा ते गंजून बसले आहे. तेल नसलेल्या गिअरबॉक्सवर मोटार गॅरेजपर्यंत चालवत नेणेही धोक्याचे. थोड्याच अंतरात बेअरिंग आणि दाते खराब होऊ शकतात. मग टोइंगची गाडी बोलावण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून या कामाचा पहिला नियम असा, की भरण्याचे बूच आधी उघडून पाहावे आणि ते उघडले तरच सोडण्याच्या बुचाला हात लावावा. अवजारांची यादीही याच क्रमाने करावी.

बूच कसे आहे, हे आधी पाहा

बाजारात जाण्यापूर्वी माहितीपुस्तिका वाचावी आणि बॅटरीच्या उजेडात दोन्ही बुचे प्रत्यक्ष पाहावीत. भरण्याचे बूच गिअरबॉक्सच्या बाजूला, तर सोडण्याचे अगदी तळाशी असते. काही मोटारींत भरण्यासाठी वेगळे बूच नसते. रिव्हर्स दिव्याचा स्विच किंवा एखादा अन्य भाग काढून तेथून तेल भरावे लागते. अशी रचना असल्यास पहिल्या प्रयत्नात हे काम अंगावर न घेतलेले बरे.

बुचांचे साधारण तीन प्रकार आढळतात. पहिल्यात डोके बाहेरून षटकोनी असते. त्यास 17, 19 किंवा 24 मिलिमीटरचा पाना लागतो. दुसऱ्यात आत षटकोनी खाच असते आणि तीत मेकॅनिक मंडळी ज्याला ‘एलएन की’ म्हणतात ती अ‍ॅलन की बसते. येथे 8 किंवा 10 मिलिमीटरचे माप सामान्यतः दिसते. तिसऱ्या प्रकारात खाच चौकोनी असते. होंडाच्या अनेक मोटारींत तळाच्या बुचाला तीन अष्टमांश इंचाची चौकोनी खाच असते आणि गोटी पान्याच्या हँडलचे टोकच तीत थेट बसते. रेनोच्या गाड्यांत 8 मिलिमीटरच्या चौकोनी टोकाचे वेगळे अवजार लागते. एकाच गिअरबॉक्सची दोन बुचे वेगवेगळ्या मापांची असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

पाना आणि हँडल

बाहेरून षटकोनी असलेल्या बुचासाठी उघड्या तोंडाचा साधा पाना वापरू नये. त्याची पकड दोनच बाजूंवर असते आणि जोर लावताच कोपरे झिजून डोके गोल होते. अ‍ॅडजस्टेबल पाना तर त्याहून वाईट. सहा कोनी गोटी, म्हणजेच सॉकेट, हा उत्तम पर्याय. बारा कोनी गोटीपेक्षा तिची पकड अधिक भक्कम असते. गोटी फिरविण्यासाठी अर्ध्या इंचाच्या चौकोनाचे लांब सरळ हँडल घ्यावे. वर्षानुवर्षे न उघडलेले बूच रॅचेटने सोडविण्याचा प्रयत्न केल्यास रॅचेटमधील दातेच तुटण्याची भीती असते. लांब हँडलने बूच मोकळे करावे आणि पुढे रॅचेट वापरावे.

अवजार खरेदी करताना त्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असा छाप आहे ना, ते पाहावे. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्या तपारियासारख्या कंपन्यांची अवजारे कोणत्याही बऱ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पुण्यात बोहरी आळी आणि नाना पेठ, तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट व ऑपेरा हाऊसचा परिसर या खरेदीसाठी प्रसिद्ध आहे. शंभर तुकड्यांचा चकचकीत संच घेण्यापेक्षा आपल्या मोटारीच्या बुचांना लागणाऱ्या दोन गोट्या आणि एक चांगले हँडल सुटे घेणे शहाणपणाचे. दुकानदाराला दाखविण्यासाठी बुचाचे मोबाइलवर छायाचित्र काढून न्यावे. मापाविषयी शंका असेल, तर स्लाइड कॅलिपरने ते मोजून घ्यावे.

बूच हलतच नसेल, तर गंज सोडविणारा फवारा मारून रात्रभर थांबावे. दुसऱ्या दिवशी आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने आणि मग सोडविण्याच्या दिशेने झटका द्यावा. कोपरे झिजू लागल्याचे दिसताच थांबावे. वरचेच बूच आधी घेतले असल्याने तेल अजून गिअरबॉक्समध्ये आहे आणि मोटार स्वतःच्या चाकांवर गॅरेजमध्ये जाऊ शकते.

मोटारीखाली जाण्यापूर्वी

या कामातील खरा धोका तेलाचा नाही, वजनाचा आहे. लहानातील लहान मोटारही शेकडो किलो वजनाची असते. मोटारीसोबत मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या आधारावर उचललेल्या मोटारीखाली डोके घालणे म्हणजे जिवाशी खेळ. हायड्रॉलिक जॅक भक्कम दिसतो खरा. पण त्याचे सील केव्हा दगा देईल, याचा नेम नसतो. मोटार उचलायला जॅक आणि पेलून धरायला लोखंडी स्टँड, ही विभागणी कधीही मोडू नये. मेकॅनिक या स्टँडला घोडी म्हणतात. प्रत्येक घोडीवर तिची क्षमता टनांत लिहिलेली असते. दोन किंवा तीन टनांची जोडी सामान्य मोटारीला पुरेशी होते.

घोड्या माहितीपुस्तिकेत दाखविलेल्या जागीच लावाव्यात. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे यांचा आधार कदापि घेऊ नये. ते पूर्वसूचना न देता चुरा होतात. जमीन सपाट आणि टणक असावी. उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर घोडीचे पाय रुतू शकतात. जमिनीवर राहणाऱ्या चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक ओढावा. खाली जाण्याआधी मोटार बाजूने जोरात ढकलून पाहावी; ती डगमगली, तर सारे पुन्हा मांडावे. शेजारी एखादी व्यक्ती असावी. उंच बांध्याच्या जीपवर्गीय गाड्यांचे काम पुष्कळदा मोटार न उचलता होते.

तेल भरण्याची युक्ती

पहिल्यांदा हे काम करणाऱ्यांचा अनुभव असा, की तेल सोडणे सोपे आणि भरणे अवघड. भरण्याचे छिद्र आडवे असते आणि आजूबाजूला जागा नसते. त्यामुळे तेथे डबा उपडा करता येत नाही. यावर तीन उपाय आहेत. पहिला उपाय सर्वांत स्वस्त. हार्डवेअरच्या दुकानातून मीटर-दीड मीटर लांबीची, छिद्रात सहज जाईल अशी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी आणावी. तिचे एक टोक छिद्रात खोचून दुसरे बॉनेटमधून वर आणावे व त्यास नरसाळे जोडावे. तेल आपल्या वजनानेच खाली उतरते. दुसरा उपाय म्हणजे अर्ध्या लिटरची मोठी पिचकारी, आणि तिसरा म्हणजे डब्यावर बसणारा हातपंप. नळी मात्र कोरी हवी. तिच्यातील पाणी वा माती थेट गिअरबॉक्समध्ये जाते. थंडीत दाट तेल फार सावकाश उतरते. अशा वेळी तेलाचा बंद डबा थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवावा.

याखेरीज तीन-चार लिटर मावेल असे पसरट घमेले, मापाचे भांडे, चिंध्या, रबरी हातमोजे आणि डोळ्यांसाठी चष्मा लागतो. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो आणि तो कपड्यांतून लवकर जात नाही. सांडलेल्या तेलावर टाकायला लाकडाचा भुसा जवळ ठेवावा.

वॉशर आणि टॉर्क रेंच

बहुतेक बुचांखाली तांब्याचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे मऊ वॉशर असते. दाबले जाऊन ते फट बंद करते, म्हणून दर वेळी नवे घालणे श्रेयस्कर. किंमत नगण्य असते, पण आयत्या वेळी नेमके तेच मिळत नाही. काही गाड्यांत वॉशरऐवजी आट्यांवर सीलंट लावतात. तेही पुस्तिकेत पाहून घ्यावे.

गिअरबॉक्सचे कवच अ‍ॅल्युमिनियमचे असते. ‘आणखी थोडे घट्ट’ या हव्यासापायी आटे गेले, तर दुरुस्ती तेलाच्या कितीतरी पट महाग पडते. ठरलेल्या जोरालाच थांबण्याची सोय टॉर्क रेंचमध्ये असते. अनेक मोटारींत हा आकडा 25 ते 45 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. आपल्या मोटारीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. बूच प्रथम बोटांनीच फिरवून बसवावे, म्हणजे आटे तिरके लागत नाहीत.

तेल कोणते?

डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या असतात. 75डब्ल्यू-80, 75डब्ल्यू-90 किंवा 80डब्ल्यू-90 हा दाटपणाचा निर्देश झाला. जीएल-4 किंवा जीएल-5 हा तेलातील संरक्षक रसायनांचा दर्जा. पाच हा आकडा चारपेक्षा मोठा, म्हणून जीएल-5 अधिक चांगले, असा समज सर्रास आढळतो. वास्तविक ते मागील धुरेच्या डिफरन्शियलमधील प्रचंड दाबासाठी बनविलेले असते. त्यातील गंधकयुक्त रसायने अधिक प्रमाणात असतात आणि काही तेलांत ती पितळी कड्यांना मारक ठरतात. पुस्तिकेत जीएल-4 लिहिले असेल, तर तेच घ्यावे. काही उत्पादक मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइल, ऑटोमॅटिकचे तेल किंवा स्वतःचे खास तेल सुचवितात. तेथेही पुस्तिकेचाच शब्द अखेरचा.

प्रत्यक्ष काम

दहा-पंधरा मिनिटे मोटार चालवून तेल कोमट करावे. मोटार घोड्यांवर घेऊन वरचे बूच उघडावे, मग घमेले सरकवून खालचे. तळाच्या बुचाला पुष्कळदा चुंबक असते. त्यावर करडा, मऊ लेप दिसला, तर चिंता नको. ती नेहमीची झीज. धातूचे टोकदार तुकडे निघाले, तर नवे तेल भरून प्रश्न सुटणार नाही; मेकॅनिकला दाखवावे. निघालेले तेल मोजून ठेवावे. लहान मोटारींत ते साधारणतः दीड ते अडीच लिटर असते.

बहुतेक गिअरबॉक्समध्ये छिद्राच्या कडेपर्यंत तेल आले आणि ओघळू लागले, की पातळी पूर्ण झाली असे समजतात. पण हे मोटार समतल असतानाच खरे. केवळ पुढचा भाग उचललेला असेल, तर पुस्तिकेतील मापाइतके तेल भरून मोटार खाली घ्यावी आणि सपाट जागी पातळी पुन्हा तपासावी. दुसऱ्या दिवशी खाली गळतीचा डाग नाही ना, हेही पाहावे.

काढलेले तेल गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नये. 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. झाकणाच्या डब्यात भरून ते जुने तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजकडे किंवा सर्व्हिस सेंटरकडे सोपवावे.

एका मोटारीसाठी, काही वर्षांतून एकदा लागणारी ही सारी अवजारे विकत घेतल्यास पहिल्या वेळी पैशांची बचत होईलच असे नाही. जॅक, घोड्या आणि टॉर्क रेंच सोसायटीतील चार-पाच जणांनी मिळून घेतल्यास मात्र खर्च विभागला जातो, आणि मोटारीखाली जाताना शेजारी कुणीतरी असते. आपल्या बुचाच्या मापाची गोटी तेवढी प्रत्येकाने स्वतःची ठेवावी.