विमानाचे तास घरापासून मोजा

सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आईवडील खानदेशात आता नवे नाहीत. 'डॉक्टरसाहेब, विमान किती तासांचं?' असे ते विचारतात. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला १५-१६ तास लागतात. पायांचा हिशेब मात्र घरापासून सुरू होतो. जळगावहून मुंबईपर्यंत रेल्वेचे ४२० किलोमीटर, किंवा धुळ्याहून कसारा घाट उतरून मोटारीचे सहा-सात तास, मग विमानतळावर तीन तास. सारे बसूनच.

पोटरीचे स्नायू हलले नाहीत तर शिरांतले रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती सुटून फुफ्फुसात अडकली तर जिवावर बेतते. चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो, मग विमान असो वा एस.टी., असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले. तरीही तो सुमारे ६,००० प्रवाशांत एकालाच. नुकतेच ऑपरेशन झालेल्यांनी, कॅन्सरच्या किंवा पूर्वी गुठळी झालेल्या रुग्णांनी मात्र आधी डॉक्टरांना भेटावेच.

लघवीला उठावे लागेल म्हणून पाणीच न पिणाऱ्या बायका पुष्कळ. अहो, ते उठणे हेच तर औषध! बसल्या जागी टाचा-चवडे हलवावेत. झोपेची गोळी नको. अ‍ॅस्पिरिनही स्वतःच्या मनाने नको.

पोहोचल्यावर महिन्याभरात एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखली किंवा अचानक धाप लागली, तर मुलाला खर्च नको म्हणून लपवू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.